नाकाच्या मापात जात : उत्क्रांतीच्या नावानं झालेल्या चुका आणि बाबासाहेबांनी मांडलेला हिशोब

"डार्विन चुकला होता" हे वाक्य आपल्या देशात मंत्रीसुद्धा बोलतात. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैदिक संमेलन भरलं होतं. तिथे आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी जाहीर केलं की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही, आणि अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्यांना खोडून काढलं. पण पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गायब झाल्याचं सगळ्यांनी पाहिलं. 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी सह्या करून विरोध केला, तरी तो भाग परत आला नाही.

आमच्या द्वारका भागातल्या अभ्यासवर्गात हा विषय निघतो तेव्हा तरुण एक प्रश्न हमखास विचारतात. "उत्क्रांतीवाल्यांनी चुका केल्या हे खरंच आहे ना? खोटी हाडं सापडली, खोटे शोध लागले. याच विज्ञानानं आपल्याला हलक्या वंशाचंही ठरवलं. मग आपण त्याची बाजू का घ्यायची?"

प्रश्न रास्त आहे. "ते सगळं जुनं झालं" म्हणून तो झटकून टाकणं म्हणजे पळ काढणं. चुका झाल्या, मोठ्या झाल्या, आणि त्यातल्या काहींची किंमत आपल्या आजोबा-पणजोबांनी मोजली. पण सगळ्या चुका एका तागडीत तोलता येत नाहीत. काही चुका विज्ञानानं स्वतःच शोधल्या आणि चव्हाट्यावर आणल्या. काही चुका मात्र वर्षानुवर्षं टिकल्या, कारण त्या टिकण्यात कुणाचा तरी फायदा होता. हा फरक कसा ओळखायचा, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं आहे. तेच या लेखात मांडायचं आहे.

बाटलीतला चिखल

डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पिसीज' १८५९ मध्ये आलं. सगळे सजीव एका मूळ सजीवापासून फुटत आले असतील, तर ते अगदी आरंभीचं, ना वनस्पती ना प्राणी असं जिवंत द्रव्य कुठे तरी सापडायला हवं, असं त्या काळच्या अनेकांना वाटत होतं. १८५७ मध्ये अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची केबल टाकण्यासाठी समुद्राचा तळ तपासला गेला. 'सायक्लॉप्स' या जहाजानं तळातला चिखल वर आणला आणि तो अल्कोहोलमध्ये बुडवून बाटल्यांत ठेवला. १८६८ मध्ये थॉमस हक्सले यांनी त्या बाटल्या पुन्हा तपासल्या. हक्सले म्हणजे डार्विनचे सर्वांत कडवे पाठीराखे. त्यांना चिखलात जेलीसारखा पदार्थ दिसला. हेच ते आदिम जीवद्रव्य, असं त्यांनी जाहीर केलं आणि जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांच्या सन्मानार्थ त्याला 'बॅथिबियस हेकेली' असं नाव दिलं. हेकेल तर खूश झाले. समुद्राचा सगळा तळ या जिवंत जेलीनं व्यापलेला असणार, असं मानलं जाऊ लागलं.

मग 'चॅलेंजर' हे जहाज १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांची पाहणी करत फिरलं. जेली कुठेच मिळेना. जहाजावरचे रसायनशास्त्रज्ञ जॉन बुकॅनन यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की जेलीसारखा साका तयार होतो. तो साका म्हणजे कॅल्शियम सल्फेट, एक साधा क्षार. म्हणजे हक्सले ज्याला जीवनाचा आरंभ समजत होते, तो बाटलीत झालेला रासायनिक साका होता! हे कळताच हक्सले यांनी १८७५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आपली चूक छापून मान्य केली.

सात वर्षांत चूक झाली, तपासली गेली आणि कबूल झाली. डार्विनच्या विरोधकांनी ती पकडलेली नाही. समुद्रावर जाऊन प्रत्यक्ष तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी ती पकडली. "विज्ञान चुकतं" म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा दुसरा अर्धा भागही सांगावा. कोणत्या वैदिक संमेलनात गेल्या शंभर वर्षांत "आमचं अमुक म्हणणं चुकलं" असा ठराव झाला, तेही सांगावं.

चाळीस वर्षं टिकलेली लबाडी

दुसरी गोष्ट इतकी निरागस नाही. १९१२ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात पिल्टडाउन इथे चार्ल्स डॉसन यांना एक कवटी आणि जबडा मिळाल्याचं जाहीर झालं. कवटी माणसासारखी मोठी, जबडा वानरासारखा. ब्रिटिश म्युझियमचे आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. वानर आणि माणूस यांच्यामधला दुवा सापडला, आणि तोही इंग्लंडच्या मातीत!

१९५३ मध्ये वाइनर, ओकली आणि ले ग्रॉस क्लार्क या तिघांनी ती हाडं नव्यानं तपासली. जबडा निघाला ओरांगउटानचा. दात कानशीनं घासलेले. हाडं जुनी दिसावीत म्हणून रंगवलेली. कवटी साध्या माणसाची, फार तर काही शतकांपूर्वीची. एकेचाळीस वर्षं ही फसवणूक चालली.

का चालली? कारण ती हवीहवीशी होती. माणसाचा मेंदू आधी मोठा झाला आणि बाकीचं शरीर मागून बदललं, असं युरोपातल्या विद्वानांना वाटत होतं. बुद्धी आधी, आणि ती बुद्धी युरोपात. पिल्टडाउन या समजुतीत अगदी चपखल बसलं. उलट १९२५ मध्ये रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टाँग इथे मिळालेली एका बालकाची कवटी प्रसिद्ध केली. मेंदू लहान, पण दात माणसाच्या वळणाचे आणि डोकं ताठ चालणाऱ्या प्राण्यासारखं मानेवर तोललेलं. हा खरा पुरावा होता. पण तो आफ्रिकेतला होता आणि साहेबाच्या समजुतीच्या विरोधात जाणारा होता. त्याला मान्यता मिळायला वीसेक वर्षं लागली. खोटं इंग्लिश हाड डोक्यावर घेतलं गेलं आणि खरं आफ्रिकी हाड बाजूला पडलं.

चूक किती मोठी आहे यावर तिचं आयुष्य ठरत नाही, ती कुणाच्या सोयीची आहे यावर ठरतं. आता आपल्या देशात येऊ.

रिस्लेची पट्टी

डार्विनच्या सिद्धांताचं चित्र झाडासारखं आहे. एका खोडातून फांद्या फुटतात, कुठलीही फांदी दुसरीपेक्षा 'श्रेष्ठ' नसते. पण राज्य करणाऱ्यांना झाड नको होतं, त्यांना शिडी हवी होती. म्हणून झाडाची शिडी केली गेली : खाली आफ्रिकी, मध्ये आशियाई, वर युरोपियन. हेकेल यांनी तर मानवजातीचे वेगवेगळ्या प्रजातींत तुकडे पाडून आपल्या माणसांना शेंड्यावर बसवलं. खुद्द डार्विनच्या १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्येही युरोपियनांना वरचढ मानणारी वाक्यं आहेत. ते झाकण्याचं आम्हाला काही कारण नाही.

भारतात तर शिडी आधीपासून तयारच होती. मनूनं लावलेली. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी या जुन्या शिडीला नव्या विज्ञानाचा रंग दिला. बंगालमध्ये १८८५ पासून त्यांनी जातींची पाहणी सुरू केली. फ्रान्समधल्या मानवशास्त्रज्ञांकडून त्यांनी एक पद्धत घेतली : नासिका निर्देशांक. नाकाच्या रुंदीला उंचीनं भागायचं आणि शंभरानं गुणायचं. आकडा सत्तरच्या खाली आला तर नाक 'सरळ', पंच्याऐंशीच्या वर गेला तर 'बसकं'. उत्तर हिंदुस्थानातल्या ८९ जाती-जमातींच्या सुमारे ६ हजार माणसांची मापं घेऊन १८९१ मध्ये त्यांनी नियम मांडला : नाक जितकं रुंद, तितकी जात खाली. सरळ नाकाचे आर्य वर आणि बसक्या नाकाचे 'मूळचे' लोक खाली.

८९ गटांत ६ हजार माणसं, म्हणजे सरासरी एका गटामागे ६७. लाखोंच्या जातीचा वंश ६७ माणसांच्या नाकांवरून ठरला! हेच रिस्ले पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक उच्चनीचतेनुसार उतरंड लावली गेली. १९०८ च्या 'द पीपल ऑफ इंडिया' या पुस्तकात त्यांनी भारतीयांचे सात वांशिक प्रकार पक्के केले. त्यात आपल्या महाराष्ट्राची गंमत बघा. इथली रुंद डोकी 'आर्य' किंवा 'द्रविड' कुठल्याच साच्यात बसेनात. मग रिस्ले यांनी मध्य आशियातून आलेल्या शकांना मदतीला बोलावलं आणि मराठे ब्राह्मण, कुणबी आणि कूर्गी यांना एकाच 'शक-द्रविड' डब्यात टाकलं. जो नियम ब्राह्मण आणि शेतकरी वेगळ्या वंशाचे ठरवण्यासाठी मांडला, त्याच नियमाच्या मालकाला महाराष्ट्रात दोघांना एका डब्यात बसवावं लागलं. नियम तिथेच कोसळायला हवा होता. कोसळला नाही, कारण तो सोयीचा होता.

इंग्रजांना तो सोयीचा होता, हे उघड आहे. पण इथल्या वरच्या जातींनाही तो गोड लागला. साहेब आणि आपण एकाच आर्य वंशाचे, मग आपण गुलाम कसे? आपण तर साहेबाचे चुलतभाऊ! टिळकांनी १९०३ मध्ये 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' लिहून आर्यांचं मूळ घर थेट उत्तर ध्रुवाकडे नेऊन ठेवलं. उत्खननात किंवा नंतरच्या संशोधनात त्याला आधार मिळाला नाही. तरी ते पुस्तक आजही विकलं जातं.

याची किंमत कुणी मोजली? वंशावर माणसाची लायकी ठरवणारं हेच वारं लष्करातही शिरलं. कोरेगावच्या लढाईत १८१८ मध्ये लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात बंद पडली, कारण आता म्हणे काही वंश 'लढाऊ' होते आणि काही नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. दुसरीकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पाच वर्षांनी इटलीत चेझारे लाँब्रोझो यांनी पुस्तक लिहून सांगितलं की गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला आदिमानव असतो, आणि तो कवटी-जबड्यावरून ओळखता येतो. कायदा आधीचा होता, पण त्याच्यासारख्या कायद्यांना आता 'शास्त्रा'चं पाठबळ मिळालं. पारधी, कैकाडी, भामटा या समाजांच्या पिढ्या तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या मुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आजही आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. लाँब्रोझोचं पुस्तक मेलं, त्याचा समज मेला नाही.

नाशिककरांनी एक प्रयोग मनातल्या मनात करून पाहावा. द्वारका सर्कलला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड एकमेकांना भेटतात. संध्याकाळी तिथे अर्धा तास उभं राहा. सिन्नरला जाणारे कामगार, मालेगावला निघालेले व्यापारी, नाशिकरोडची बस धरणारी कॉलेजची पोरं, भाजीवाल्या, रिक्षावाले, वकील. नाकाकडे बघून सांगा, यातला ब्राह्मण कोण, महार कोण, कोळी कोण, मराठा कोण? सांगता येणार नाही. म्हणून तर आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" असं विचारावं लागतं.

बर्लिनमध्ये एक मराठी बाई

या कवट्यांच्या विज्ञानाला खुद्द त्याच्या बालेकिल्ल्यात एका मराठी संशोधकानं धक्का दिला, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनला शिकायला गेल्या. त्यांची संस्था होती मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी १९२७ मध्ये उघडलेली कैसर विल्हेल्म संस्था. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. याच फिशर यांचं वंशाविषयीचं लिखाण पुढे नाझींच्या कामी आलं. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल युरोपियनांत जास्त असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या माणसांच्याही कवट्या होत्या. आणि त्यांनी निष्कर्ष लिहिला की असमतोलाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूच्या तोंडावर, गुरूच्याच संस्थेत.

इरावतीबाईंनी पुढेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून जातीनिहाय शरीरमापनं चालू ठेवली, आणि जातींच्या उगमाबद्दलची त्यांची मतं बाबासाहेबांच्या मतांशी जुळणारी नव्हती. आमचे त्यांच्याशी मतभेद आहेत. पण आकडे जे सांगतात ते लिहायचं, गुरूला काय हवं ते लिहायचं नाही, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी तिथे दाखवला. तो मान्य करायला हवा.

बाबासाहेबांचा हिशोब

आता मूळ मुद्दा. बाबासाहेबांनी वंशाच्या या विज्ञानाशी तीस वर्षांहून जास्त काळ झुंज घेतली, आणि प्रत्येक वेळी त्यांनी पुरावा हातात धरला.

पहिली वेळ ९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. बोआस यांनी सुमारे १८ हजार स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांची मापं घेऊन दाखवलं होतं की अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याची ठेवणसुद्धा आईबापांपेक्षा बदलते. म्हणजे जी कवटी वंशाची न पुसणारी खूण मानली जात होती, तीच बदलत होती. अशा वातावरणात भीमरावांनी मांडलं की भारतातले लोक वांशिकदृष्ट्या मिसळलेले आहेत, त्यांच्यात सांस्कृतिक एकता आहे, आणि जात निर्माण झाली ती या एकसंध समाजात जातीबाहेर लग्नाला बंदी घातल्यामुळे. आधी सरमिसळ, मग लग्नबंदीची भिंत. जात रक्तात नाही, लग्नाच्या नियमात आहे.

दुसरी वेळ १९३६. 'जातिप्रथेचे विध्वंसन' या न दिलेल्या भाषणात बाबासाहेब जातीच्या जीवशास्त्रीय समर्थकांचा समाचार घेतात. जातीमुळे म्हणे रक्त शुद्ध राहतं आणि वंश सुधारतो. बाबासाहेब विचारतात, पंजाबच्या ब्राह्मणाचं आणि मद्रासच्या ब्राह्मणाचं वांशिक नातं काय? पंजाबचा ब्राह्मण तर पंजाबच्या चांभाराच्याच वंशाचा आहे. ते आनुवंशिकतेवरच्या बेटसन यांच्या ग्रंथाचा दाखला देतात : बुद्धीसारखे गुण एखाद्या साध्या नियमानं वारशात उतरत नाहीत. आणि मग सरळ सवाल टाकतात. लग्नबंदी वंशशुद्धीसाठी आहे असं क्षणभर मानलं, तर एकत्र जेवायला बंदी कशासाठी? जेवल्यानं वंश बिघडतो का? शिवाय एवढी हजारो वर्षं वंश सुधारत असतील, तर लष्करात घ्यायच्या लायकीचं शरीर बहुतेक हिंदूंकडे का नाही? याला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

याच भाषणात त्यांनी एका प्रथेची आठवण करून दिली आहे. अस्पृश्यानं मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा घालायचा, म्हणजे सवर्णाला चुकून विटाळ होणार नाही. यातून निघणारं अनुमान आम्ही पुढे नेतो. नाकावरून, कवटीवरून, रंगावरून जात कळत असती, तर दोऱ्याची गरज काय होती? ज्यांनी दोरा बांधायला लावला त्यांना चांगलं माहीत होतं की समोरचा माणूस अगदी आपल्यासारखाच दिसतो. २ मार्च १९३० ला इथे पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दरवाजावर कुणी पट्टी घेऊन नाकं मोजायला बसलं नव्हतं. दरवाजे सरळ बंद केले होते. अस्पृश्यता शरीरात असती तर दरवाजा बंद करावा लागला नसता.

तिसरी आणि निर्णायक वेळ १९४८. 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात बाबासाहेब वांशिक सिद्धांताला एक संपूर्ण प्रकरण देतात. स्टॅनले राइस यांच्यासारखे लेखक अस्पृश्यांना वेगळ्या, जिंकलेल्या वंशाचे मानत होते. बाबासाहेबांनी काय केलं? नाकं मोजण्याच्या शास्त्राला शिव्या घातल्या नाहीत. त्यांनी तीच मापं मागवली. मूळचे मालवणचे असलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं करणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया'मध्ये प्रांतवार मापांचे तक्ते तपासले होते. रिस्लेचा नियम संयुक्त प्रांताच्या पलीकडे नीट लागू पडत नाही, हे घुर्ये यांना दिसलं होतं. बाबासाहेबांनी ते तक्ते घेतले आणि त्यांचा अर्थ शेवटापर्यंत नेला.

मुंबई इलाख्याचे आकडे काय सांगतात? शरीराच्या मापांनी देशस्थ ब्राह्मण चित्पावनाला जितका जवळ, तितकाच सोनकोळ्यालाही जवळ. त्यानंतर लगेच महार आणि कुणबी. शेणवी, नागर ब्राह्मण आणि उच्चकुलीन मराठा हे त्याच्यापासून महारापेक्षा लांब! उत्तरेतही तेच. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण आपल्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याला जवळचा. म्हणजे समाजातली उतरंड एक सांगते आणि शरीराची मापं दुसरंच सांगतात.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाची बांधणी ध्यानात घ्या. ते म्हणतात, शरीरमापन हे भरवशाचं शास्त्र असेल, तर ब्राह्मण आर्य असल्यास अस्पृश्यही आर्य ठरतात. ब्राह्मण द्रविड असल्यास अस्पृश्यही द्रविड. ब्राह्मण नाग असल्यास अस्पृश्यही नाग. काहीही धरा, दोघे एकाच वंशाचे. आणि शास्त्र भरवशाचं नसेल, तर वांशिक सिद्धांताचा आधारच गेला. दोन्ही बाजूंनी वाट बंद! रिस्लेची पट्टी रिस्लेच्याच पाठीवर बसली.

आणि आपण?

इथपर्यंत वाचून माना डोलावणं सोपं आहे. आता अवघड भाग. तीच पट्टी आज आपल्या हातात आहे की नाही, हे तपासू या.

"ब्राह्मणांचा डीएनए विदेशी निघाला, आपणच मूळचे" असे संदेश आपल्या ग्रुपांवर रोज फिरतात. त्यांचं मूळ बहुतेक वेळा २००१ च्या एका अभ्यासात असतं. मायकेल बामशाद आणि सहकाऱ्यांनी आंध्रच्या विशाखापट्टणम जिल्ह्यातले नमुने तपासले आणि वरच्या जाती युरोपियनांना तुलनेनं जवळच्या आहेत असा निष्कर्ष काढला. एका जिल्ह्याच्या नमुन्यावरून सगळ्या देशाच्या जातींचा निवाडा करणं ही रिस्लेचीच रीत झाली. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांसह झालेल्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं की भारतातले जवळपास सगळेच समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून बनले आहेत. प्रमाण कमीजास्त आहे, वरच्या जातींत उत्तरेकडच्या प्राचीन समूहाचा वाटा सरासरीनं जास्त आहे, हेही खरं. पण शुद्ध कुणीच नाही, ब्राह्मणही नाही आणि आपणही नाही. २०१३ च्या पुढच्या अभ्यासानं सांगितलं की ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली आणि नंतर जातीबाहेरची लग्नं जवळपास थांबली.

आधी सरमिसळ, मग लग्नबंदीची भिंत. १९१६ च्या निबंधाशी हे किती जुळतं! तरीही "विज्ञानानं बाबासाहेबांना सिद्ध केलं" अशी पोस्ट टाकायची घाई करू नये. उद्या नवे नमुने आले तर वर्षांचे आकडे बदलतील. बाबासाहेबांचा मान त्यांच्या आकड्यांवर उभा नाही, त्यांच्या पद्धतीवर उभा आहे.

कुणी म्हणेल, महात्मा फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त आर्यभटांच्या स्वारीचीच मांडणी केली होती. केली होती. ब्राह्मणांनी मिरवायला घेतलेला आर्यवाद तात्यासाहेबांनी त्यांच्यावरच उलटवला. त्या काळात उपलब्ध ज्ञानाचा तो क्रांतिकारी वापर होता. पुढे नवा पुरावा आला तेव्हा बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' मध्ये आर्य वंशाचा सिद्धांतच नाकारला. यात गुरूचा अवमान नाही. फुल्यांना गुरू मानणाऱ्यानंच फुल्यांच्या पुढे पाऊल टाकलं. आपण मात्र बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत नाचतो आणि मोबाइलवर रिस्लेचा सिद्धांत पुढे ढकलतो.

यात धोका मोठा आहे. आपला हक्क "आम्ही आधी आलो" यावर उभा केला, तर तो प्रत्येक नव्या कवटीबरोबर आणि प्रत्येक नव्या डीएनए अहवालाबरोबर डळमळेल. उद्या एखादा अहवाल म्हणाला की सगळेच बाहेरून आले, तर काय आरक्षण सोडायचं? अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा परत करायचा? संविधानाच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली ती कुणाचं नाक मोजून नाही. माणूस माणूस आहे, एवढा आधार तिला पुरेसा आहे. आणि "तुम्ही विदेशी" म्हणायची सवय एकदा समाजाला लागली की तिचा पहिला बळी कोण ठरतो, हे आजच्या हवेत वेगळं सांगायला नको.

म्हणून तरुण मित्रांनो, उत्क्रांती शाळेच्या पुस्तकातून काढली गेली तर ती आपल्या वस्तीच्या अभ्यासिकेत शिकवा. बॅथिबियसची आणि पिल्टडाउनची गोष्टही सांगा, काही लपवू नका. ज्या विषयाच्या चुका उघड सांगता येतात, त्याच विषयावर विश्वास ठेवता येतो. आणि कुठलाही 'शोध' समोर आला, मग तो नागपूरच्या शाखेतून आलेला असो की आपल्याच भावाच्या मोबाइलवरून, तर विचारा : किती माणसं मोजली? कुठली मोजली? ती कुणी निवडली? आणि हा निष्कर्ष खरा ठरला तर फायदा कुणाचा?

येत्या रविवारच्या वर्गाला 'अस्पृश्य मूळचे कोण?' मधलं वंशावरचं प्रकरण वाचून या. तक्त्यांसकट वाचा. आकडे टाळून बाबासाहेब वाचता येत नाहीत.

जय भीम!